काळी चार

"थांबा, थांबा!" हातातली सुई हवेत तशीच धरून मी ओरडले, आणि ओरडले तेही मराठीत.

समोर चाळीस वादक बसले होते. सगळे मनिलाचे, पांढऱ्या शर्टातले, गंभीर चेहऱ्याचे. त्यांना 'थांबा' कळायचं काही कारण नव्हतं, पण माझं तोंड बघून आधी व्हायोलिनं थांबली, मग ट्रम्पेट थांबले आणि मागचा ड्रमवाला उगाच एक जास्तीचा ठोका देऊन थांबला. मायक्रोफोनपाशी सरलाताई गळ्यावर हात ठेवून उभी होती.

"रूथ, अगं माझा आवाजच लागंना," ती म्हणाली. "लई वर चढाय लागलंय. काय झालंय गं माझ्या गळ्याला?"

तिच्या गळ्याला काहीही झालं नव्हतं. काय झालं होतं ते मला दुसऱ्याच ओळीला कळलं होतं. पण मी एवढंच म्हणाले, "पाणी पी ताई. परत घेऊ."

परत घेतलं. परत तेच. 'धाग्याला धागा जोड गं बाई' इथपर्यंत ती कशीबशी आली, आणि 'सकाळ विणू या' म्हणताना वर गेली तशी तिचा आवाज चिरकला. पहिल्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्या बाईंनी तर कीव येऊन मान खाली घातली. प्रत्येक देशाला तालमीला वीस मिनिटं मिळायची. आमची संपली, घंटा वाजली आणि विंगेतून पुढच्या देशाची मंडळी आत यायला लागली.

ती सुई म्हणजे स्वेटर विणायची सुई, माझ्या आईची. मिरजेच्या चर्चमध्ये क्वायरला ताल द्यायला मी तीच वापरायचे. चाळीस माणसांपुढे उभं राहायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

साल त्र्याऐंशी, महिना फेब्रुवारी. स्पर्धेचं नाव 'सिल्व्हर शेल'. दहा देश, प्रत्येकाचं एक नवं गाणं, तीन मिनिटांच्या आत, यजमानांच्या ऑर्केस्ट्राबरोबर आणि सगळं थेट टीव्हीवर. गाणी झाली की देशोदेशीचे परीक्षक फोनवरून गुण सांगणार आणि मोठ्या फलकावर आकडे फिरणार. स्पर्धा दहा-बारा वर्षं चालू होती, पण आपण त्या वर्षी पहिल्यांदाच उतरलो होतो. मी नोकरीला होते त्या मुंबईच्या टीव्ही केंद्रातल्या भालूकाका केळुस्करांनी चाल लावलेलं गाणं निवडलं गेलं होतं. ऑर्केस्ट्रा त्यांचा असला तरी त्याच्यापुढे उभं राहून हात हलवायला माणूस ज्याचा त्यानं आणायचा, अशी तिथली पद्धत. जायचे काकाच. पण ऐन वेळी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, डॉक्टरांनी विमानाला साफ नाही म्हटलं, आणि काका मला म्हणाले, "रूथ, नोटेशन तू लिहिलंयस, आता हातही तूच हलव." मी चोवीस वर्षांची. सांगलीच्या पुढे नोकरीपायी मुंबईला काय ते आले होते, आणि आता निघाले थेट मनिलाला!

माझे बाबा, शांतवन भोसले, मिरजेला बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. त्यामुळे मला दोन्ही लिप्या यायच्या, आपली सरगम आणि ती पाच रेघांवरच्या टिपक्यांची. याचा मला भारी तोरा होता. तोच नडला.

आपल्याकडे गाणं लिहिताना सा म्हणजे सा. तो कुठे धरायचा ते गाणाऱ्याच्या गळ्यावर. कुणाचा पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला, म्हणजे पांढरी एकला, तर कुणाचा चौथ्या काळ्या पट्टीला, म्हणजे काळी चारला. पेटीवाला आधी विचारतो, "बाई, पट्टी कुठली?" आणि त्याप्रमाणे बोटं सरकवतो. वहीच्या कोपऱ्यात पट्टीचं नाव लिहिलं की काम झालं. रेघांच्या लिपीत तसं नसतं. तिथे टिपका जिथे काढला तिथेच वाजतो, कुणी कुणाला काही विचारत नाही. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं! पण काका पेटीवर सारेगम सांगत गेले आणि मी सवयीनं सगळं गाणं पांढरी एकमध्ये उतरवत गेले. आणि मग वादकांच्या सव्वीसच्या सव्वीस कागदांवर, वर कोपऱ्यात, लाल पेन्सिलीनं, मराठीत ठसठशीत लिहिलं: काळी चार.

मनिलाच्या लोकांना वाटलं, ते गाण्याचं नाव.

काळी चारपासून वरची पांढरी एक चार पट्ट्या लांब. म्हणजे सरलाताईला मी तिच्या गळ्याच्या चार पट्ट्या वर टांगून ठेवलं होतं.

विंगेत रेगेसाहेब उभेच होते. आमच्या पथकाचे प्रमुख. माणूस तसा वाईट नव्हता, पण मनिलात उतरल्यापासून टाय आवळून आवळून जीव घुसमटला होता त्यांचा. त्यांनी तिथल्या तिथे ताईला फैलावर घेतलं.

"सरलाबाई, काल जेवणानंतर आइस्क्रीम खाल्लंत की नाही? मी बघितलंय. थंड खाऊ नका म्हणून बजावलं होतं ना?"

"एकच चमचा खाल्ला हो साहेब. चव बघायला."

"एकच चमचा! उद्या अख्खा आशिया बघणार आहे, आणि तुमचा एक चमचा!"

ताई मान खाली घालून ऐकत राहिली. आणि मी? मी तिथे दोन हातांवर उभी, मूग गिळून गप्प. आज चाळीस वर्षांनी सांगतानाही मला माझी लाज वाटते.

कँटीनमध्ये ताईनं गरम पाणी मागितलं, त्यात मीठ टाकलं आणि खिडकीपाशी उभी राहून गुळण्या करत राहिली. तिथे जेवायला आलेले बाकीच्या देशांचे लोक हसत-खिदळत होते. आमच्या टेबलावर मात्र सुतकी कळा. ती गुळणी करून आली आणि पदरानं तोंड पुसत माझ्यासमोर बसली.

"जाऊ दे गं. एवढं तोंड पाडू नको," उलट तीच मला समजवायला लागली. "खोट्या आवाजात मारून न्हेते उद्या. आपल्याला काय नवीन हाय व्हय?"

नवीन नव्हतंच. सरलाताई वायदंडे इचलकरंजीची, घरी चार यंत्रमाग. मागांच्या खडखडाटात बोलून बोलून तिचा आवाज जाड आणि खोल झालेला, पण असा भरीव की ऐकतच राहावं. पंधरा वर्षं ती गणपतीत, जत्रेत ऑर्केस्ट्रात गायची. सिनेमाची गाणी, रेकॉर्डच्या पट्टीत. लोकांना हुबेहूब लागायचं, म्हणून ही आपला आवाज बारीक करून, ताणून गायची. स्वतःचं म्हणावं असं हे पहिलं गाणं. वय छत्तीस. दुसरं मिळेलच याची काही खात्री नव्हती, आणि हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"भालूकाकांनी पहिल्या दिवशी मला काय विचारलं सांगू?" ती म्हणाली. "म्हणाले, बाई, तुमची पट्टी कुठली? मला सांगताच येईना बघ. पंधरा वर्षांत कुणी विचारलंच न्हवतं. मग त्यांनी पेटी पुढं ओढली, एकेक पट्टी दाबून बघितली. काळी चारला मी सा लावला तशी हसले. म्हणाले, हे तुमचं घर. घरी जाऊन मी रडले गं रूथ. नवरा म्हणतोय, काय झालं, कुणी बोललं का? मी म्हटलं, न्हाई वो, कुणीतरी इचारलं." तिनं ग्लास फिरवला. "आन नेमका आजच गळा बसला. माझंच नशीब फुटकं, दुसरं काय."

आता मात्र मला राहवेना.

"ताई, तुझा गळा ठणठणीत आहे," मी म्हणाले. "चूक माझी आहे."

आणि मी सगळं सांगितलं. लाल पेन्सिलीसकट. सांगताना रडू यायला लागलं तरी थांबले नाही.

ताईनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे मगाशी मी चुकले न्हवते?"

"नाही."

"आन साहेब मला बोलत हुते तवा तुला ठाऊक हुतं?"

"हो."

मला वाटलं, आता एक मुस्काटात बसणार, आणि बसली असती तर बरंच वाटलं असतं. शेवटी तिनं ग्लास बाजूला सारला.

"रडू नको. ऊठ," ती म्हणाली. "आन माझी पट्टी घेऊन ये."

ऑर्केस्ट्राचे सगळे कागद सांभाळायला नावारो नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते. कानात कापूस, नाकावर चष्मा, चारी बाजूंनी कागदांच्या चळती. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतून त्यांना प्रकार कळला तसं त्यांनी कपाळाला हात लावला. अगदी आपल्यासारखाच लावला! कागद नव्यानं लिहिता येतील, ते म्हणाले, उद्या सकाळी आठपासून खोली उघडी आहे. पण नियम असा की तालमीनंतर गाण्यात बदल करायचा तर बाकीच्या नऊही देशांच्या प्रमुखांची सही लागते. एकानं जरी नाही म्हटलं तरी नाही. आणि दुसरी तालीम मिळणार नाही ती नाहीच.

रेगेसाहेबांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मटकन बसले.

"नऊ देशांपुढे जाऊन सांगायचं, आम्हाला आमचं गाणं लिहिता आलं नाही? पहिल्याच वर्षी? त्यापेक्षा बाईंचा घसा बसलाय हेच बरं. त्यात कुणाची चूक नाही."

"त्यात ताईची चूक होते, साहेब."

"रूथ, मला वर रिपोर्ट द्यायचाय. तुमची नोकरी जाईल, कळतंय का?"

"जाऊ दे. बाबांच्या दुकानात पेट्या पुसत बसेन." हे मी कुठून बोलले कुणास ठाऊक. "पण ताईला खोट्या आवाजात गायला लावून मी समोर उभी राहणार नाही. दुसरं कुणी शोधा हात हलवायला."

साहेबांनी टाय सैल केला. पहिल्यांदाच.

"इंग्रजी येतं का तुम्हाला धड?"

"चर्चपुरतं."

"मग चला. मी बोलतो. पण चूक तुमची आहे असं स्वच्छ सांगणार. आधीच सांगून ठेवतो."

"सांगा."

चार वाजता सगळे प्रमुख चहाला जमत. साहेब उभे राहिले, घसा खाकरला आणि फर्ड्या इंग्रजीत म्हणाले, "मंडळी, आमची एक चूक झाली आहे." आमची म्हणाले. मी चमकून त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांनी माझ्याकडे बघायचं कटाक्षानं टाळलं.

एका बाईंनी आश्चर्यानं विचारलं, "पण एवढी साधी गोष्ट कागदावर कशी लिहिलेली नव्हती?"

साहेब माझ्याकडे वळले. मी उठले. चर्चपुरतं इंग्रजी गोळा केलं आणि म्हणाले, "लिहिलं होतं, पण मराठीत. आमच्याकडे ते नुसतं लिहून भागत नाही. आमच्याकडे गाणाऱ्याला विचारतात."

काहीजण हसले. मागे भिंतीला टेकून उभे असलेले नावारो मात्र हसले नाहीत. त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि काहीतरी टिपून घेतलं.

सह्यांचा कागद फिरला. एक, दोन, पाच, आठ. नववे गृहस्थ उंच, किरकिरे, गेल्या वर्षीचे विजेते. त्यांनी पेन हातात धरलं आणि टेकवेनात.

"मगाशी मी तालीम ऐकली," ते म्हणाले. "त्या बाईंना हे गाणं झेपत नाही. कागद बदलून काय होणार? बोलवा त्यांना."

ताई दाराबाहेरच होती. आत आली ती पदर खोचूनच. सगळे टकामका बघताहेत, हातात चहाचे कप. तिनं मला विचारलं, "काय म्हणत्यात हे?"

"गाऊन दाखव म्हणतात."

"एवढंच व्हय?"

तिनं डोळे मिटले, आपल्या जागी सा लावला आणि पहिल्या दोन ओळी म्हटल्या. पेटी नाही, तबला नाही. 'सकाळ विणू या'ला ती वर गेली आणि तिथे निवांत उभी राहिली, सकाळी अंगणात उभी राहावी तशी. खोलीत कुणाचा कप वाजला नाही. त्या गृहस्थांनी सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि आपल्या शेजाऱ्याला काहीतरी म्हणाले. साहेबांनी मला नंतर त्याचा अर्थ सांगितला: उगाच सही केली, आता ही भारी पडणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही बसलो. नावारो, मी, आणि दुसऱ्या देशांच्या पथकांतली तिघंजणं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आपापली पेनं घेऊन आली आणि बसली. प्रत्येक टिपका दोन घरं खाली आणायचा. सव्वीस कागद, हजारो टिपके. बोलायला एक धड भाषा नव्हती आमच्यात, पण कुणाची शाई संपली की न मागता दुसऱ्याची दौत पुढे यायची. ताई मधूनच यायची, सगळ्यांना केळी सोलून द्यायची आणि जायची. तीन वाजता शेवटचा कागद झाला. मी लाल पेन्सिल पिशवीत टाकायला लागले तर नावारोंनी माझा हात धरला आणि कागदाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथेही लिहा म्हणाले. छान दिसत होतं ते.

मग काय, सव्वीस वेळा परत लिहिलं: काळी चार.

संध्याकाळी सातला कार्यक्रम सुरू झाला. आमचा नंबर सहावा. दिवे इतके प्रखर की समोरचे प्रेक्षक दिसत नव्हते, फक्त वादक आणि ताई. हिरवी इरकल नेसली होती ती. नवे कागद कुणीही एकदासुद्धा वाजवून बघितले नव्हते. एखादा टिपका चुकला असेल तर आता तो सगळ्या आशियाला ऐकू येणार होता. मी सुई वर केली.

व्हायोलिनं सुरू झाली आणि पहिल्याच सुराला ताईनं माझ्याकडे बघितलं. हसली. घरी आलेल्या माणसासारखी.

मग ती गायली. कशी गायली ते मला सांगता येणार नाही, कारण अर्धं गाणं मला डोळ्यांतल्या पाण्यातून दिसत होतं. एवढं आठवतं की वरच्या ओळीला पहिल्या रांगेतल्या त्या व्हायोलिनवाल्या बाईंनी या वेळी मान वर केली आणि वाजवता वाजवता ताईकडे बघत राहिल्या. ड्रमवाल्यानं शेवटी परत एक जास्तीचा ठोका दिलाच. मेल्याला सवयच होती ती!

गुणांचे फोन सुरू झाले तेव्हा आम्ही तिघं सोफ्यावर दाटीवाटीनं बसलो होतो. एकेका देशाचा आवाज घरघरत यायचा आणि फलकावर आकडा फिरायचा. एका देशानं आम्हाला एकदम सहा गुण दिले तेव्हा रेगेसाहेबांनी माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली. शेवटी आम्ही सातवे आलो. ते किरकिरे गृहस्थ पुन्हा पहिले.

"कितवा गं?" ताईनं विचारलं.

"सातवा."

"दहात?"

"दहात."

ती सोफ्यावरून उठली. मग म्हणाली, "चल, आता आइस्क्रीम खाऊ. चांगलं वाटीभर."

माझी नोकरी गेली नाही. साहेबांनी रिपोर्टात 'तांत्रिक अडचण दूर करण्यात आली' एवढंच लिहिलं. ताईला त्यानंतर रेडिओवर कार्यक्रम मिळाले, पुढे इचलकरंजीत तिनं मुलींचा गाण्याचा वर्ग काढला. मी निवृत्त होऊन मिरजेला आले आणि घरी मुलींना दोन्ही लिप्या शिकवायला लागले. स्पर्धा मध्ये दोनदा बंद पडली आणि दोनदा सुरू झाली.

गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी, तेजल, मोबाइल नाचवत आली. सिल्व्हर शेलचा फॉर्म भरत होती.

"मॅडम, हा रकाना बघा ना. अकरावा. दुसऱ्या कुठल्याच स्पर्धेत असला रकाना नसतो."

मी चष्मा लावला. फॉर्म इंग्रजीत होता. अकराव्या रकान्यात लिहिलं होतं: गायकाची पट्टी. आणि खाली बारीक अक्षरात: ही माहिती गायकाला विचारूनच भरावी, न विचारता भरलेला अर्ज स्वीकारला जाणार नाही.

फॉर्मच्या शेवटी स्पर्धेचा त्रोटक इतिहास दिला होता. त्र्याऐंशीच्या ओळीत विजेत्यांचं नाव, आणि आमच्यापुढे नुसता सातचा आकडा. चौऱ्याऐंशीच्या ओळीत मात्र होतं: ग्रंथपाल नावारो यांच्या सूचनेवरून अकरावा रकाना सुरू.

तेजल मला विचारत राहिली, मॅडम काय झालं, मॅडम रडताय का? तिला बस म्हटलं आणि इचलकरंजीला फोन लावला. ताई आता सत्त्याहत्तरची आहे, कानानं जरा कमी ऐकते. तिला दोनदा वाचून दाखवावं लागलं.

"म्हंजे आता समद्या पोरींना आधी इचारत्यात व्हय?" ती म्हणाली.

"विचारतात ताई. चाळीस वर्षं झाली. विचारल्याशिवाय फॉर्मच घेत नाहीत."

फोनमधून खडखड ऐकू आली. मागे कुठेतरी माग चालू होता.

"मग आपला सातवा नंबर काय वाईट न्हाई गं, रूथ," ताई म्हणाली. "त्या पोरीला इचारलंस का?"

नव्हतं विचारलं. मी फोन तसाच चालू ठेवला आणि पेटी पुढे ओढली.